सात नंबरचा सबनीस

चांदा जिल्ह्यातल्या जुन्या खेळाडूंना विचारून बघा, आपल्याकडे बास्केटबॉलमध्ये सगळ्यात मोठा कोण झाला. हातातला चहा खाली ठेवून ते सांगतील, हेमंत सबनीस. चिंचबोडीचा संघ, सात नंबरची जर्सी, चौऱ्याऐंशी ते शहाऐंशी. पाठमोरा उभा राहायचा आणि वळता वळता एका हातानं डोक्यावरून असा हुक मारायचा की चेंडूला रिंगचं लोखंड शिवत नसे. हे सगळं खरं आहे, फक्त नाव खोटं आहे. हेमंत सबनीस नावाचा मुलगा त्या काळात होता, नाही असं नाही. पण चेंडू जमिनीवर आपटला की तो परत आपल्याच हातात यावा ही विद्या त्याला साधली नव्हती. आपटलेला चेंडू शोधायला त्याला जावं लागायचं. सात नंबरच्या जर्सीत होता तो उपाली. उपाली देवाजी निमगडे. नाव नीट ऐकून ठेवा, कारण ते नीट घेतलं जावं म्हणूनच पुढचं सगळं रामायण घडलं.

राजुऱ्याच्या पलीकडे चिंचबोडीची कोळसा खाण होती. खाणीच्या एका अंगाला साहेबांचे बंगले, त्यांचा क्लब आणि क्लबात सिमेंटचं कोर्ट. दुसऱ्या अंगाला, म्हणजे वारा कोळशाची धूळ जिकडे नेतो त्या अंगाला, भीमनगर. उपालीचा बाप देवाजी तिथं राहायचा आणि ठेकेदाराकडे ट्रक भरायला जायचा. मूळचा आरमोरीकडचा. त्याच्या बापाचं नाव कचरू. ते काही आईबापानं ठेवलेलं नव्हतं. पोरगा झाल्याचं सांगायला गेले तेव्हा गावच्या पाटलानं पान चघळत फेकलेलं होतं ते, आणि म्हातारा जन्मभर त्याच नावाला ओ देत राहिला. छप्पन साली चांद्याला दीक्षा झाली तेव्हा देवाजी पंधरा वर्षांचा होता. बापाबरोबर चालत गेला आणि परतीच्या वाटेवर त्यानं दोन गोष्टी ठरवल्या. एक, दारूला हात लावायचा नाही. दुसरी, आपल्या घरातली नावं यापुढे आपण ठेवायची.

म्हणून पोराचं नाव उपाली. भन्तेजींनी सांगितलेल्या गोष्टीतला उपाली न्हावी होता. त्याला राजपुत्रांच्या आधी दीक्षा मिळाली, म्हणून राजपुत्रांना त्याच्या पुढं वाकावं लागलं. देवाजीला ही गोष्ट फार आवडायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तो ती सांगायचा. शाळेत मास्तरांनी 'असलं कुठं नाव असतं का' म्हणून हजेरीत गोपाळ लावलं, तर देवाजी दिवसाची मजुरी बुडवून शाळेच्या व्हरांड्यात जाऊन बसला. भांडला नाही, ओरडला नाही. नाव दुरुस्त होईपर्यंत उठला मात्र नाही. संध्याकाळी घरी जायची वेळ झाली तेव्हा मास्तरांनी वैतागून दुरुस्त केलं. देवाजीचा हा स्वभाव ध्यानात असू द्या.

आता हुकची गोष्ट. क्लबाच्या संघाचे मास्तर वामनराव, त्यांनी तो शिकवला असं क्लबात सांगायचे. वामनरावांनी कपाळ शिकवलं. तो उपाली साइडिंगवर शिकला. मालगाडी भरून उभी राहिली की भीमनगरातली पोट्टी वाघिणींवर चढायची आणि बाया टोपल्या घेऊन खाली उभ्या राहायच्या. चौकीदाराची शिट्टी ऐकू येईपर्यंत जेवढा कोळसा खाली येईल तेवढी चूल पेटायची. बाकीची पोट्टी ढेकळं कशीही भिरकावायची, दोन-चार बायांची डोकी त्यात फुटली होती. उपालीची आई अंजनाबाई मात्र निवांत उभी राहायची. पोराच्या एका हातात वाघिणीची कड, पाठ आईकडं, आणि दुसऱ्या हातानं डोक्यावरून मागं फेकलेलं ढेकूळ बरोबर टोपलीत. टोपली हलवायची गरज नाही. पुढं नागपूरच्या पेपरांनी ज्या फेकीचं कौतुक केलं ती ही फेक. साहेबलोकांच्या भाषेत तेव्हा तिला चोरी म्हणत.

सतराव्या वर्षी उपाली दारातून वाकून जायला लागला. एवढं उंच पोरगं क्लबाच्या तारेबाहेर रोज उभं राहतं म्हटल्यावर ते वामनरावांच्या नजरेत भरलं. वामनराव एरवी खाणीच्या कल्याण विभागात बाबू होते. वाईट माणूस नव्हते. घाबरट होते, आणि घाबरट माणसाच्या हातून जेवढं वाईट होतं तेवढं वाईट माणसालाही जमत नाही. त्यांनी उपालीला सकाळी साहेब उठायच्या आत कोर्टावर घ्यायला सुरुवात केली. एका पावसाळ्यात तो धावायला शिकला, हिवाळ्यात खेळायला. उन्हाळ्यात त्याला शिकवायला वामनरावांकडे काही उरलं नाही.

अडचण एकच होती. संघात खाणीचा नोकर किंवा नोकराचा मुलगा पाहिजे, असा स्पर्धेचा नियम होता. ठेकेदाराचा मजूर हा खाणीचा नोकर नव्हे. दिवसभर खाणीत खपायचं, खाणीची धूळ खोकायची, पण खाणीचं माणूस म्हणायचं नाही, असा तो कायदा. वामनरावांनी मॅनेजरसाहेबांपुढं, म्हणजे सबनीससाहेबांपुढं, हात चोळत हे गाऱ्हाणं घातलं.

साहेब हसले. "अहो, आमचा हेमंत आहे की त्याच वयाचा. त्याचं नाव देऊन टाका. नाव कुणाचं का असेना, करंडक आपल्या कपाटात आला म्हणजे झालं."

साहेबांच्या डोक्यात करंडकाखेरीज आणखी एक गोष्ट होती. हेमंत अभ्यासात यथातथाच होता, आणि इंजिनिअरिंगला खेळाडूंच्या राखीव जागा असत. उपालीला त्यांनी बंगल्याच्या मागच्या दारी बोलावलं. पुढच्या भरतीत तुझी कायमची नेमणूक पक्की, म्हणाले. क्वार्टर मिळेल. नळ घरात असेल. तुझं काम एवढंच, खेळायचं आणि तोंड उघडायचं नाही.

उपालीनं विचार केला नाही असं नाही. बापाचा खोकला त्याच्या डोळ्यांपुढं आला. अंजनाबाई हंडा घेऊन जाते ती वाट आली. एका हंगामाचा तर प्रश्न आहे, असं त्यानं स्वतःला समजावलं. बापाला सांगायची मात्र छाती झाली नाही. मास्तरांनी लावलेलं गोपाळ ज्याला सहन झालं नाही, त्याला सबनीस सहन होणार होतं थोडंच?

मग सुरू झाली हेमंत सबनीसची कारकीर्द. वर्धा, अमरावती, अकोला, नागपूर. सात नंबर मैदानात उतरला की लोक 'सबनीस, सबनीस' करून कान बसवायचे. पहिल्या वर्षी उपाली आपल्याला कुणी हाक मारतंय हे विसरून जायचा आणि वामनराव मागून कोपर मारायचे. दुसऱ्या वर्षी तो वळून हात हलवायला शिकला. अमरावतीला खेळाडूंची सोय घरोघरी केली होती. ज्या घरी तो उतरला तिथल्या आजींनी आडनाव ऐकून त्याला थेट स्वयंपाकघरात पाटावर बसवलं, तूप वाढलं आणि कुठले सबनीस तुम्ही, म्हणून चौकशी केली. उपाली मान खाली घालून जेवला. पोरगा लाजाळू आहे, संस्कार चांगले आहेत, आजी म्हणाल्या. त्याच आजींना निमगडे ऐकू आलं असतं तर पाट कुठं मांडला असता, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. तूप चांगलं होतं, याचाच त्याला जास्त राग आला.

दुसऱ्या वर्षी सबनीससाहेबांनी निरोप पाठवला. हेमंतची मुलाखत आहे, त्याला निदान चेंडू कसा धरतात ते शिकव. आठ दिवस उपाली त्याला शिकवत होता. हेमंत मनानं तसा बरा मुलगा होता, त्याला या सगळ्याची लाजही वाटायची. पण लाज वाटली म्हणून कुणी जागा सोडत नाही. मुलाखतीत त्याला कुणी चेंडू दिलाच नाही. वर्तमानपत्रांची कात्रणं बघून साहेबलोकांनी पाठ थोपटली आणि नागपूरला इंजिनिअरिंगची जागा दिली. कॉलेजच्या संघानं बोलावलं तेव्हा गुडघा दुखावलाय म्हणून त्यानं पट्टी बांधून घेतली. पट्टी बांधलेला हेमंत सबनीस त्याच आठवड्यात अकोल्याला धावून धावून करंडक जिंकतोय, हे पेपरात आलं, आणि कॉलेजनं ते कात्रण फलकावर लावलंसुद्धा. कुणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, पण या नागोबाला बिळात शिरायचेही कष्ट पडले नाहीत.

उपाली मग साहेबांकडे गेला. म्हणाला, "साहेब, हेमंतभाऊचं काम झालं. आता मले माह्या नावानं खेळू द्या."

"अरे, आता नाव बदललं तर मागचं सगळं उघडं पडेल," साहेब म्हणाले. "अडचण माझी नाही, तुझीच होईल. एवढं एक वर्ष काढ. चांद्याची फायनल झाली की सोमवारी ऑफिसात ये, ऑर्डर तयार असेल."

इकडं भीमनगरात निराळंच शिजत होतं.

दर रविवारी विहारात वंदना झाली की देवाजी सगळ्यांना पेपर वाचून दाखवायचा. ज्यांना वाचता येत होतं तेही त्याच्याच तोंडून ऐकायचे. पोरगा खेळतो हे वस्तीला माहीत होतं, पोरगा जिंकतो हेही माहीत होतं. देवाजी शेवटून दुसरं पान उघडायचा, बोट फिरवायचा, आणि तिथं हेमंत सबनीस. एकदा तर फोटो आला. हवेत उडालेला उपाली, हात डोक्यावरून मागं गेलेला, अंजनाबाईनं ओळखावा असा चेहरा. खाली छापलेलं, 'चिंचबोडीचा हेमंत सबनीस'.

देवाजीनं तो फोटो वस्तीभर फिरवला. "पाहा बाप्पा. पोट्टं आमचं, मेहनत आमची, आन् नाव साहेबाच्या पोट्ट्याचं. काऊन? निमगडे लिवाले यांच्या शाईले इटाळ होते."

आता तुम्ही म्हणाल, माणसाला संशय कसा आला नाही. कसा येणार? त्याच्या बापाच्या नावाचं जे झालं होतं, शाळेत पोराच्या नावाचं जे झालं होतं, ते बघता त्यानं काढलेला अर्थच सरळ होता. पेपरवाल्यानं नाव गाळणं ही त्याच्यासाठी रोजची गोष्ट होती. आपलं पोरगंच नाव गाळून घेतंय, हे त्याच्या स्वप्नातही येणार नव्हतं. त्यानं उपालीला विचारलं, "तू सांगत नाई का रे त्याईले, नाव चुकून राह्यलं म्हणून?"

उपाली म्हणाला, "बाबा, जाऊ द्या नं."

"जाऊ काऊन देऊ?" देवाजी म्हणाला, आणि पोराच्या खाली गेलेल्या मानेचा अर्थही त्यानं आपल्यापरीनं लावला. पोरगं दबून गेलंय. त्याच्या बाजूनं कुणीतरी उभं राहायला पाहिजे.

जानेवारी शहाऐंशीत चांद्याला फायनल होती, समोर नागपूरचा संघ. मैदानाभोवती माणसं मावत नव्हती, काही झाडांवर चढली होती. पुढच्या रांगेत खुर्चीवर सबनीससाहेब, गळ्यात हार. खेळ सुरू होऊन थोडा वेळ झाला आणि रस्त्यावर एक ट्रक थांबला. उपालीनं चेंडू हातात असताना तो पाहिला. निळे झेंडे होते. पांढऱ्या लुगड्यातल्या बाया उतरत होत्या, भाकरीची गाठोडी सांभाळत, त्यात अंजनाबाई होती. आणि दोघांनी दोन काठ्यांवर धरलेलं एक लांबलचक कापड, त्यावर निळ्या रंगात हातभर अक्षरं: उपाली देवाजी निमगडे. त्याच्या हातून चेंडू सुटला. सबनीसच्या हातून चेंडू सुटलेला लोकांनी पहिल्यांदाच पाहिला.

भीमनगर एका कडेला रांगेत बसलं. लाउडस्पीकर म्हणाला, "सबनीस यांचा सुंदर हुक." भीमनगर म्हणालं, "निमगडे." लाउडस्पीकर म्हणाला, "सबनीस यांना दोन फ्री थ्रो." भीमनगर म्हणालं, "उपाली निमगडे." आजूबाजूचे लोक हसायला लागले. त्यांना वाटलं, खेड्यातली माणसं आहेत, दुसऱ्याच कुणाला शोधताहेत. वामनरावांचा रुमाल घामानं भिजला होता. उपालीला वाटत होतं, जमीन फाटावी. पण चेंडू आला की हात आपोआप वर जात होता आणि चेंडू आपोआप आत पडत होता, कारण समोर आई होती आणि त्याच्या हाताला तेवढंच ठाऊक होतं.

हाफ-टाइमला देवाजी उठला. अंगात इस्त्रीचा सदरा. शांतपणे चालत तो लाउडस्पीकरच्या टेबलापाशी गेला आणि हात जोडून म्हणाला, "जय भीम साहेब. तुमचं नाव चुकून राह्यलं. तो पोट्टा सबनीस नोहे. उपाली देवाजी निमगडे. मी देवाजी."

"काका, जागेवर बसा. तो हेमंत सबनीस आहे."

"मी बाप आहो त्याचा. मले ठाऊक नसन का?" देवाजी म्हणाला. "नाव बरोबर घ्या, तवा उठतो." आणि तो टेबलापुढं मांडी घालून बसला, शाळेच्या व्हरांड्यात बसला होता तसा.

नागपूरच्या संघाचा व्यवस्थापक शेजारीच पाणी पीत होता. त्याचे कान टवकारले. त्याचा संघ मागं पडला होता आणि हरणाऱ्याला नियम फार लवकर आठवतात. दोन मिनिटांत तक्रार झाली. खेळ थांबला. मैदानाच्या कडेला एक तंबू होता, तिथं सगळे जमले. संघटनेचे सेक्रेटरी, सबनीससाहेब, वामनराव, नागपूरवाला, देवाजी, आणि सात नंबरची जर्सी घातलेला उपाली.

सेक्रेटरींनी विचारलं, "सबनीससाहेब, काय प्रकार आहे?"

साहेब जराही चळले नाहीत. "हा आमच्याकडच्या ठेकेदाराचा मजूर आहे. पिऊन आलेला दिसतो. या लोकांचं सुटीच्या दिवशी हेच चालतं." मग ते उपालीकडे वळले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "हेमंत, बेटा, तू ओळखतोस का याला? सांगून टाक आणि जा खेळायला."

बेटा. ज्या माणसानं तीन वर्षांत त्याला मागच्या दाराच्या पायरीवर चढू दिलं नव्हतं, तो बेटा म्हणाला. उपालीनं वामनरावांकडे पाहिलं. वामनराव हातातल्या शिट्टीकडे पाहत होते.

देवाजी आधी नुसता गोंधळला. साहेब चुकीचं नाव घेताहेत, आणि पोरगं वळून बघतंय. त्यानं साहेबांकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं. पेपरवाल्यांवरचा तीन वर्षांचा राग त्याच्या तोंडावर तसाच होता आणि आता तो कुठं ठेवावा हे त्याला कळेना. हळूहळू त्याला उमगलं. पण त्याच्या मनात आधी दुसरीच गोष्ट पोचली होती. तो सेक्रेटरींच्या पुढ्यात गेला, वाकला आणि तोंड उघडून म्हणाला, "वास घ्या साहेब. हुंगून पाहा. छप्पनपासून थेंब नाई घेतला मी. पाहा हुंगून."

सेक्रेटरींनी तोंड फिरवलं आणि नाकाला रुमाल लावला.

उपालीला सोमवार आठवला. नळ आठवला. ठेकेदार उद्या बापाला कामावर घेणार नाही, हे त्याला त्या क्षणी स्वच्छ दिसत होतं. नुसतं नाही म्हणायचं होतं. मान हलवली असती तरी चाललं असतं. आणि समोर त्याचा बाप, वाकलेला, तोंड उघडं ठेवून, कुणीतरी हुंगावं म्हणून वाट बघत उभा होता. उपालीच्या डोक्यात असा संताप उसळला की त्याला पहिल्यांदा स्वतःचीच शिसारी आली, आणि मग तंबूतल्या सगळ्यांची.

"बाबा, तोंड मिटा," तो म्हणाला. मग सेक्रेटरींकडे वळला. "मी उपाली देवाजी निमगडे. हे माहे बाबा. ते पेत नाईत. तीन वर्सं झाले, मीच खेळून राह्यलो. हेमंतभाऊ कधी खेळलाच नाई. इचारा वामनरावले."

वामनरावांना विचारलं. ते म्हणाले, मला याबाबत काही कल्पना नव्हती.

चोराच्या उलट्या बोंबा कशा असतात ते त्या तंबूत ऐकायला मिळालं. साहेब म्हणाले, या पोरानं आम्हा सगळ्यांना फसवलं, माझ्या मुलाचं नाव चोरलं. आधी कोळसा चोरायचे, आता नावं चोरायला लागले. सेक्रेटरींनी हळहळून मान हलवली. अर्ध्या तासात न्याय झाला. करंडक नागपूरला. चिंचबोडी क्लबाला समज. उपालीला जन्मभर बंदी, कुठल्याही संघातून, कुठल्याही मैदानावर. आणि मागच्या दोन वर्षांचं काय, असं नागपूरवाल्यानंच विचारलं, तर सेक्रेटरी म्हणाले, त्या वेळी कुणी तक्रार केली नव्हती. सबब ते सामने हेमंत सबनीसच खेळला असं धरण्यात येतं. पट्टी बांधलेल्या गुडघ्याची जागा शाबूत राहिली. पुढं तो इंजिनिअर झाला, चांगला झाला म्हणतात. आणि म्हणून आजही चहाच्या टपरीवर त्याचंच नाव निघतं.

सात नंबरची जर्सी तिथंच काढून घेतली. थंडीत उघड्या अंगानं उपाली ट्रककडे आला तेव्हा अंजनाबाईनं आपली शाल त्याच्या अंगावर टाकली. लाउडस्पीकरवर नुसतं एवढंच सांगितलं होतं, एका खेळाडूच्या गैरप्रकारामुळे सामना रद्द. नाव तेव्हाही घेतलं नाही. रंगवलेलं कापड पोरांनी घडी करून ट्रकच्या फाळक्यापाशी ठेवलं होतं. ट्रकनं वर्धा नदीचा पूल ओलांडला.

"तीन वर्सं?" देवाजीनं विचारलं.

"हो बाबा."

"मी इकडं पेपरवाल्याईले शिव्या देऊन राह्यलो होतो."

उपाली म्हणाला, "नोकरी देतो म्हणे. क्वार्टर देतो म्हणे."

देवाजीनं तोंड रस्त्याकडं फिरवलं. त्यानं मारलं असतं तर उपालीला बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी ठेकेदाराचा माणूस येऊन सांगून गेला की देवाजीनं कामावर यायची गरज नाही. सोमवारी ऑफिसात ऑर्डर तयार नव्हती, हे सांगायला नकोच. आठवडाभर बापलेक एका खोलीत राहून एकमेकांच्या बाजूनं वाट काढत राहिले.

रविवारी विहारात वंदना झाली. उपाली मागं, दारापाशी बसला होता. आज बाबा पेपर वाचणार नाहीत असं त्याला वाटलं होतं, वस्तीलाही वाटलं होतं. पण देवाजीनं चष्मा लावला आणि सवयीनं शेवटून दुसरं पान उघडलं. बोट खाली खाली गेलं आणि थांबलं. कोपऱ्यात छोटी बातमी होती, 'तोतया खेळाडूवर आजन्म बंदी'. देवाजीनं ती मोठ्यानं वाचली, नेहमीच्या आवाजात, एकही शब्द न गाळता. 'चिंचबोडी येथील उपाली देवाजी निमगडे या युवकाने' इथवर आल्यावर तो थांबला. नावाच्या खाली त्यानं बोट फिरवलं, एकदा, परत एकदा. मग पान उचलून त्यानं सगळ्यांना दाखवलं, फोटो दाखवला होता तसं, आणि त्याची नजर मागं दारापाशी बसलेल्या पोरावर गेली.

"पाहा," तो म्हणाला. "पोट्ट्याचं, बापाचं, आडनाव. एक अक्षर चुकलं नाई. म्हणजे छापता येते त्याईले."